अल्बमला किती रुपये लावायचे?

रेकॉर्डिंग झालं, मिक्सिंग झालं, कव्हर छापून आलं, सीड्यांची खोकी घरात येऊन पडली. मग मंडळीतलं कुणीतरी विचारतं, "याला लावायचे किती?" आणि इथं भल्याभल्यांचं अडतं. कंपनीसाठी गाणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही, कारण किंमत कंपनी ठरवते. स्वतःच्या खिशातून अल्बम काढणाऱ्याला मात्र तो टाळता येत नाही. जास्त लावले तर माणसं सीडी हातात घेऊन, उलटीपालटी करून परत ठेवतात. कमी लावले तर ढोलकवाल्याला तोंड दाखवायची पंचाईत.

हा प्रश्न समजून घ्यायला मी माळव्यात, देवास आणि धारच्या परिसरात जायचं ठरवलं आहे. मुंबई-पुण्यातल्या बँडचं उदाहरण हाताशी असूनही माळवाच निवडला, कारण गाण्याचे पैसे मिळण्याच्या जेवढ्या म्हणून रीती आहेत, त्या सगळ्या गेल्या शंभर वर्षांत या छोट्या टापूत नांदून गेल्या, आणि काही अजून नांदताहेत.

दोन्ही गावं मराठ्यांच्या पवार घराण्याची. धारला एक गादी, तर देवासला एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन. या देवासच्या दरबारात रजब अली खाँसाहेब गायले. १९५९ साली ते गेले, तोवर संस्थानं विलीन होऊन दशक उलटलं होतं. दरबारी पद्धतीत किंमत माणसाला होती, गाण्याला वेगळी नव्हती. महिन्याचा तनखा, सणावाराला आणि मैफलीला बिदागी. एक यमन किती रुपयांना, असा हिशेब कुणी मांडत नव्हतं. दरबाराची मर्जी हेच दरपत्रक.

गाणं ही एक वस्तू आहे आणि तिच्यावर किंमत छापता येते, हे तबकडीने शिकवलं. १९०२ साली कोलकात्यात ग्रामोफोन कंपनीच्या माणसांनी इथलं पहिलं मोठं ध्वनिमुद्रण केलं. तिथून पुढची साठ-सत्तर वर्षं, तबकडी केवढ्याला विकायची हे कंपनीने ठरवायचं आणि गाणाऱ्याने एकरकमी मानधन किंवा थोडी रॉयल्टी घ्यायची, असा रिवाज पडला. कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने खंगलेल्या अवस्थेत देवासला राहायला आले, बरे झाले आणि तिथल्या टेकडीच्या पायथ्याशी आयुष्यभर राहिले. त्यांच्या रेकॉर्डी एचएमव्हीने काढल्या. मराठी घरांत त्या अजून जपून ठेवलेल्या सापडतात. पण कुमारांसारख्या गायकाचाही संसार चालला तो मैफलींवर. 'गीतवर्षा'सारखे एकेका विषयाला वाहिलेले कार्यक्रम त्यांनी बांधले, आणि लोक तिकीट काढून ते ऐकायला आले. रेकॉर्डने त्यांचा आवाज घरोघरी नेला, मैफलीने पैसे दिले. ही विभागणी लक्षात ठेवावी. पुढे सगळीकडे तीच दिसते.

खरी गोष्ट सुरू होते ती कॅसेटपासून.

देवास, उज्जैन, शाजापूर भागातल्या खेड्यांत कबीर गाणाऱ्या मंडळ्या पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पाच तारांचा तंबूरा, करताल, ढोलक, मंजिरे, पेटी आणि अलीकडे व्हायोलिन. गाणारे बहुतेक दलित समाजातले, शेतमजूर किंवा थोडक्या जमिनीचे शेतकरी. दिवसभर राबायचं आणि रात्र-रात्र गायचं. १९९१ च्या सुमारास देवासमध्ये 'एकलव्य' या शिक्षणक्षेत्रातल्या संस्थेने कबीर भजन एवं विचार मंच सुरू केला आणि आसपासच्या मंडळ्या महिन्यातून एकदा तिथं जमू लागल्या. गायचं आणि गायलेल्यावर बोलायचंही. प्रह्लादसिंह टिपाणिया याच टापूतले, उज्जैन जिल्ह्यातल्या लुणियाखेडीचे. पेशाने ते सरकारी शाळेत शिक्षक होते. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. देवास जिल्ह्यातले कालूराम बामनिया यांना ती २०२४ मध्ये मिळाली. या दोघांचा आवाज माळव्याबाहेर गेला तो आधी कॅसेटच्या रिळावरून.

ऐंशीच्या दशकात कॅसेटने काय उलथापालथ केली, हे आज कुणाला सांगून पटणार नाही. तबकडी दाबायला कारखाना लागत होता. कॅसेटच्या नकला काढायला एक खोली पुरे. गुलशन कुमार यांच्या सुपर कॅसेट्सने किमती खाली आणल्या आणि एचएमव्हीची मक्तेदारी मोडली. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने १९९३ मध्ये 'कॅसेट कल्चर' नावाचा ग्रंथच यावर लिहिला. त्यात त्याने दाखवलं की मोठ्या कंपन्यांपेक्षा जिल्ह्याजिल्ह्यातल्या छोट्या उत्पादकांनी बोलीतल्या गाण्यांना बाजार मिळवून दिला. माळवी, निमाडी, भिली गाणी पहिल्यांदा दुकानाच्या फळीवर आली ती अशी. महाराष्ट्रातही हेच चाललं होतं. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसने पु. ल. देशपांडे यांचं कथाकथन आणि शास्त्रीय गायकांच्या मैफली कॅसेटवर आणल्या, त्या याच काळात.

गायकाच्या वाट्याला यातलं काय आलं? या धंद्यात सर्रास चालणारा व्यवहार असा की कंपनी एक ठरावीक रक्कम देऊन हक्क घेणार, छापील किंमत तीच लावणार, आणि गायकाला फार तर एक-दोन खोकी कॅसेट देणार. ती खोकी तो सत्संगाला घेऊन जाई. म्हणजे दुकानातली विक्री कंपनीची आणि मांडवातली विक्री गायकाची. हा सौदा एकतर्फी होता असं मी म्हणेन. तरी गायकांनी तो स्वीकारला, कारण कॅसेट गावात वाजली की पुढच्या गावचं बोलावणं येई.

इथं एक अडचण मात्र निव्वळ पैशाची नव्हती. गुरूचा शब्द विकायचा कसा? कबीर गाणं ही सेवा, तिचा मोबदला घ्यायचा नाही, अशी खेड्यातल्या जुन्या गायकांची धारणा. दुसरीकडे, रात्रभर गाणाऱ्याची दुसऱ्या दिवशीची मजुरी बुडते, बसचं भाडं लागतं, ढोलकीचं चामडं फाटतं. शबनम विरमाणी यांनी कबीर प्रकल्पात जे चार माहितीपट केले, त्यातला 'कबीरा खडा बाजार में' टिपाणियांच्याच आयुष्यातल्या एका ओढाताणीवर आहे: एकीकडे पंथाचे विधी आणि महंती, दुसरीकडे कबीराची बंडखोर वाणी. पैशाची ओढाताण या मोठ्या ओढाताणीचाच एक पदर आहे. त्यामुळे माळव्यात किंमत ठरवताना नफ्याइतकाच संकोचाचा विचार करावा लागतो. मला हा संकोच मोलाचा वाटतो. पण त्याचा बोजा एकट्या गायकाने वाहावा, हे काही बरोबर नाही.

आता हिशेबाकडे वळू. समजा देवासजवळच्या एका पाच जणांच्या मंडळीने स्वतःची सीडी काढायचं ठरवलं. आकडे उदाहरणापुरते घेऊ. इंदूरला स्टुडिओचे दोन दिवस, मिक्सिंग, साथीदारांचं मानधन, कव्हरची मांडणी असे ६०,००० रुपये झाले. हा खर्च एक सीडी काढा नाहीतर हजार, तेवढाच. शिवाय प्रत्येक सीडीची नक्कल, छपाई आणि डबी मिळून ३० रुपये. बहुतेक नवखे इथं चुकतात. ते एकूण खर्चाला सीड्यांच्या संख्येने भागतात आणि आलेल्या आकड्यावर थोडे चढवतात. ५०० सीड्या काढल्या तर एकीला १५० रुपये पडतात, हजार काढल्या तर ९०. म्हणजे जास्त काढल्या की स्वस्त, असं वाटून हजार काढतात, आणि सहाशे सीड्या माळ्यावर धूळ खातात.

भागाकार उलटा करायला हवा. सीडी ५० ला विकली तर प्रत्येक सीडीमागे २० सुटतात. ६०,००० वसूल व्हायला ३,००० सीड्या खपायला हव्यात. १०० ला विकली तर ८५८. दीडशेला ५००. दोनशेला ३५३. खर्च तुम्हाला किंमत सांगत नाही. कुठल्या किमतीला किती माणसं लागतील एवढंच तो सांगतो. ती माणसं आहेत का, हे ज्याचं त्याला ठाऊक. वर्षात वीस कार्यक्रम, प्रत्येकी तीनशे श्रोते, आणि दहातल्या एकाने सीडी घेतली तर सहाशे. मग शंभरात भागत नाही, दीडशेत भागतं.

पण दीडशे कुणाला परवडतात? मध्य प्रदेशात रोजगार हमीची मजुरी २०२४-२५ मध्ये दिवसाला २४३ रुपये होती. जो माणूस रात्रभर मांडवात बसून ऐकतो, त्याच्या लेखी दीडशे म्हणजे अर्ध्या दिवसाहून जास्त कष्ट. तीच मंडळी बंगळूरला किंवा पुण्याला गायला गेली की समोरचा श्रोता तीनशे रुपये कॉफीवर घालवून आलेला असतो. मग एकच सीडी गावात ६० ला आणि शहरात २५० ला विकावी का? मला विचाराल तर विकावी, आणि न लपवता विकावी. शहरातल्या श्रोत्याला जास्त काहीतरी देताही येतं. कबीर प्रकल्पाने गाण्यांबरोबर पदं आणि त्यांचे अनुवाद छापलेली पुस्तकं काढली. माळवी न समजणाऱ्याला त्या पुस्तकाचा खरा उपयोग असतो, आणि त्यासाठी तो आनंदाने जास्त पैसे मोजतो. गावातल्या माणसाला पदं पाठ असतात. त्याला फक्त आवाज हवा असतो.

किमतीचा आकडा कसा दिसतो, यालाही महत्त्व आहे. दुकानदार ९९ लावतो. सत्संगाच्या मांडवात ९९ चालत नाही. रात्री दोन वाजता एक रुपया परत द्यायला सुटे कुणाकडे नसतात, आणि देणगीच्या पावतीवर ५१, १०१ लिहिणाऱ्या लोकांना तो आकडा उपरा वाटतो. ५० किंवा १०० ची एक नोट, व्यवहार संपला. कार्यक्रम संपल्यावर माणसं उठतात, चपला शोधतात, झोपलेली मुलं खांद्यावर घेतात. टेबल वाटेवर असेल तर त्या दहा मिनिटांत काय खपेल ते खपतं. नंतर कुणी शोधत येत नाही.

किंमत न लावण्याचा मार्गही आहे, आणि आपल्याकडे तो फार जुना आहे. कीर्तन संपलं की आरतीचं तबक फिरतं. ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे टाकायचं. माळव्यातल्या भजनात पेटीवर नोट ठेवतात, आणि माइकवरून देणाऱ्याचं नाव पुकारलं जातं. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये रेडिओहेड या इंग्लिश बँडने 'इन रेनबोज' हा अल्बम आपल्या संकेतस्थळावर ठेवला आणि किमतीचा रकाना कोरा सोडला, तेव्हा जगभर मोठा गाजावाजा झाला. कुणी शून्य भरलं, कुणी भरपूर. त्याच अल्बमची देखणी पेटी ४० पाउंडांना विकायला होती, आणि पुढे साधी सीडी दुकानांत आली तेव्हा तीही ब्रिटन आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. म्हणजे फुकट मिळण्याची सोय असतानाही लोकांनी पैसे मोजले. पण त्या बँडला आधीच लाखो चाहते होते, हे विसरून चालणार नाही.

तबक का चालतं, हे नीट पाहिलं तर नव्या कलावंताला उपयोगी पडेल असं बरंच हाती लागतं. देणारा आणि घेणारा समोरासमोर असतात. शेजाऱ्याने किती टाकले ते दिसतं. गाणं नुकतंच संपलेलं असतं. यातलं काहीच संगणकाच्या पडद्यावर नसतं, म्हणून तिथं कोरा रकाना माणसाला गोंधळात टाकतो. २००८ मध्ये सुरू झालेल्या बँडकॅम्पवर यासाठी चांगली सोय आहे: कलावंत किमान किंमत ठरवतो आणि घेणाऱ्याला वर हवे तेवढे देता येतात. कितीतरी लोक खरंच वर देतात. डिजिटल विक्रीतले १५ टक्के संकेतस्थळ घेतं, वर्षाला ५,००० डॉलरच्या वर विक्री गेली की १०. भारतीय कलावंताला परदेशातल्या श्रोत्यांसाठी हे बरं आहे. देशातल्या श्रोत्यांसाठी आता यूपीआय सोपं झालं आहे. त्यात २१ रुपये पाठवले तरी पूर्ण २१ पोचतात, मध्ये कुणी काही कापत नाही. पेटीशेजारी क्यूआर कोडचा पुठ्ठा उभा करणं म्हणजे तबकच फिरवणं आहे. त्यावर ५१, १०१, २५१ असे आकडे लिहून ठेवावेत. माणसाला किती द्यायचे हे ठरवायचा त्रास वाचतो, आणि बहुतेक जण मधला आकडा धरतात.

मराठी वाचकाला आणखी एक जुनी युक्ती ठाऊक आहे: प्रकाशनपूर्व सवलत. पुस्तक छापण्याआधी पैसे भरा, स्वस्तात मिळेल. प्रकाशकाला कागदाचे पैसे मिळतात आणि किती प्रती काढायच्या याचा अंदाजही येतो. अल्बमला हे जसंच्या तसं लागू पडतं. दोनशे श्रोत्यांनी आधी पैसे दिले, तर मघाच्या उदाहरणातली सहाशे सीड्या माळ्यावर पडण्याची वेळ येत नाही.

आता सीडी वाजवायचं यंत्रच घराघरांतून गेलं, त्याचं काय? स्ट्रीमिंगवर कलावंताला किंमत ठरवताच येत नाही. तिथं जमा झालेल्या पैशाचा एक हौद असतो आणि एकूण ऐकण्यातला तुमचा वाटा जेवढा, तेवढे थेंब तुम्हाला. २०२४ पासून स्पॉटिफायवर वर्षभरात १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला एक पैसाही मिळत नाही. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळायला १,००० वर्गणीदार आणि वर्षात ४,००० तास पाहिलं गेलेलं असणं, ही अट. छोट्या मंडळीने यावर घर चालवण्याची आशा धरू नये. पण तिथं नसणंही परवडणारं नाही, कारण बोलावणारा आधी मोबाइलवर ऐकून बघतो.

धार जिल्ह्यात हे फार स्पष्ट दिसतं. निम्म्याहून अधिक लोकसंख्या आदिवासी, होळीच्या आधीच्या आठवड्यात भगोरियाचे बाजार. तिथली टिमली नावाची नाचगाणी आधी व्हीसीडीवर, मग मेमरी कार्डावर आणि आता यूट्यूबवर येतात. अल्बम हा प्रकार तिथं जवळजवळ उरलाच नाही. एकेक गाणं येतं, लग्नसराईच्या आधी येतं, डीजेवर वाजतं. गाणं फुकट असतं आणि गायकाची सुपारी वाढते. कुमारांच्या काळात रेकॉर्ड आणि मैफल यांच्यात जी विभागणी होती, तीच ही. फक्त रेकॉर्डच्या बाजूची किंमत शून्यावर आली.

म्हणून फुकट द्यायलाही माझी हरकत नाही. मात्र ते ठरवून द्यावं. लग्नाच्या सुपाऱ्या मिळवण्यासाठी गाणं मोकळं सोडणाऱ्या टिमली गायकाला नेमकं माहीत असतं की पैसे कुठून येणार. किंमत सांगायला जीभ रेटत नाही म्हणून सीड्या वाटून टाकणाऱ्याला ते माहीत नसतं. आणि यात एक नाजूक बाब आहे. ज्याला दुसरीकडे पगार आहे, मग तो शिक्षक असो की अभियंता, त्याला कमी किंमत लावणं सोपं जातं. त्याची साठ रुपयांची सीडी उदार दिसते, आणि शेजारच्या मंडळीतला गायक, ज्याचं पोट गाण्यावरच आहे, तो दीडशे म्हणाला की लोभी ठरतो. नोकरदार कलावंतांनी याचा विचार करावा, अशी माझी मनापासूनची विनंती आहे.

कबीराच्या पदांवर कुणाचा हक्क नाही, ती सगळ्यांची आहेत. शब्दांसाठी कुणाला रॉयल्टी द्यावी लागत नाही. पण तुमच्या मंडळीने केलेलं ध्वनिमुद्रण तुमचं असतं, आणि प्रकाशनापासून ६० वर्षं तो हक्क टिकतो. २०१२ च्या कायदादुरुस्तीने गायक-वादकांच्या रॉयल्टीच्या हक्कालाही बळ दिलं. एकरकमी पैशावर सही करून हे सगळं देऊन टाकण्याआधी कागद कुणाकडून तरी वाचून घ्यावा.

किंमत ठरण्याच्याही आधी वाटणी ठरायला हवी. मुख्य गायकाचं नाव कव्हरवर मोठं येतं, पद्मश्री त्याला मिळते, बोलावणं त्याच्या नावाने येतं. ढोलकवाला आणि मंजिरेवाला त्याच रात्री तितकेच जागतात. काही मंडळ्या सगळ्यांना सारखा हिस्सा देतात, काही गायकाला दोन हिस्से आणि बाकीच्यांना एकेक, काही आधी खर्च वळता करून मग उरलेलं वाटतात. यातलं कुठलंही चालेल, फक्त ते स्टुडिओत पाऊल टाकण्याआधी, सगळ्यांसमोर आणि कागदावर ठरलेलं असावं. पाच जणांत सहा हिस्से धरले, त्यातले दोन गायकाचे, तर शंभराच्या सीडीतून खर्च वसूल झाल्यानंतर सुटणाऱ्या ७० रुपयांत ढोलकवाल्याचे साडेअकरा रुपये आणि वर काही पैसे होतात. हा आकडा त्याला आधी सांगितला असेल, तर सीडी शंभरला विकायची की दीडशेला, यावर तोही आपलं मत देऊ शकतो.